घरातील नवा बासवादक

गाण्याच्या बैठकीत गायकाच्या मागे बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्याकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही. टाळ्या पडतात त्या गायकाच्या तानेला आणि तबलजीच्या तिहाईला. तथापि बैठक रंगात आली असताना तंबोऱ्याची शेवटची जाड तार एकाएकी उतरली, तर सभागृहातील अगदी सामान्य श्रोताही अस्वस्थ होतो. काय बिघडले हे त्याला सांगता येत नाही. पण गाण्याच्या पायाखालची भूमी सरकली आहे, एवढे त्याच्या कानाला कळते. खर्जाच्या सुराचा हा स्वभावच आहे. तो असतो तेव्हा जाणवत नाही आणि नसतो तेव्हा त्याच्यावाचून चालत नाही.

पाश्चात्त्य पद्धतीच्या आधुनिक वाद्यवृंदात खर्जाचे हे काम बास गिटार या वाद्याकडे आहे. मुंबई-पुण्यात काय, किंवा दिल्ली, बंगळूर, कोलकाता येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत काय, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी एखाद्या दिवशी हे वाद्य मागते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी गोंधळून जातात. गिटार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. परंतु सहा तारांची गिटार सोडून चार जाड तारांचे हे लांबलचक वाद्य मुलाला का हवे, ज्यावर गाण्याची चालसुद्धा धड ओळखू येत नाही ते वाद्य शिकून काय साधणार, असे प्रश्न त्यांच्या मनात उभे राहतात. पुष्कळदा मुलाच्या हट्टाखातर वाद्य घरात येते. पहिले काही आठवडे ते खोलीत घुमते. मग त्याचा आवाज विरळ होत जातो, आणि पुढल्या परीक्षेच्या सुमारास ते आपल्या पिशवीसह कपाटावर चढते. मुलाचा स्वभावच चंचल, असा निकाल देऊन घरातील सर्वजण मोकळे होतात.

हा निकाल बहुधा घाईचा असतो. नवशिका बास गिटार सोडून देतो, त्याच्या मुळाशी अनेकदा चार साधी कारणे असतात. वाद्य त्याच्या हाताला मोठे व खांद्याला जड असते. तारा दाबण्यास फार कठीण असतात. घरात त्याचा खरा आवाज ऐकूच येत नाही. आणि एकट्याने वाजविलेला बास संगीतासारखा वाटत नाही. या चारही कारणांवर उपाय आहेत. ते उपाय योजण्यासाठी वडीलधाऱ्यांना स्वतः एकही सूर वाजविता आला पाहिजे असे नाही. मात्र त्या वाद्याचे कार्य काय, हे त्यांनी प्रथम समजून घेतले पाहिजे.

बास गिटारचा पूर्वज म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील उभा बास. पुरुषभर उंचीचे, व्हायोलिनच्या कुळातले हे वाद्य वादक उभा राहून वाजवितो. नृत्यगृहातील वाद्यवृंदांत पितळी वाद्यांचा आणि ढोलांचा गजर वाढत गेला तसा उभ्या बासचा आवाज त्यात बुडू लागला; शिवाय ते धूड गावोगाव घेऊन फिरणे हाही एक व्यापच होता. १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी आडवे धरण्याचा विद्युत बास तयार केला होता. पण तो फारसा रूढ झाला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या बास गिटारने मात्र संगीताच्या व्यवहारात क्रांती केली. उभ्या बासच्या दांडीवर पडदे नसतात. सूर नेमका कोठे आहे हे वादकाने कानाने शोधावयाचे असते. फेंडर यांनी सतारीप्रमाणे पडदे बसविले, त्यामुळे सूर नेमका लागू लागला. म्हणूनच त्या वाद्याला त्यांनी नेमकेपणाचे नाव दिले. ते आजही 'प्रिसिजन बास' म्हणून ओळखले जाते. तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असलेले पिकअप असते. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक त्याचे मोठ्या नादात रूपांतर करतो.

या वाद्याच्या चार मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत सांगावयाच्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या सुरांत, जाडीकडून बारकाईकडे, लावलेल्या असतात. साध्या गिटारच्या जाड चार तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. एवढ्या खालच्या सुरात वेगवान ताना घेण्यात फारसे स्वारस्य नसते. त्या सुरांचे सामर्थ्य निराळे आहे, आणि ते पाहण्यासाठी घरातील पेटी पुरेशी आहे. एकाने भाता चालवावा आणि दुसऱ्याने उजव्या हाताने पांढरी एकपासून सा, ग आणि प हे तीन सूर एकत्र दाबून धरावेत. मग डाव्या हाताने खालच्या सप्तकातील षड्ज दाबावा. कानाला स्वस्थ, घरी परतल्यासारखे वाटेल. आता वरचे तीन सूर तसेच ठेवून खालचा षड्ज सोडावा आणि त्याच्या जागी मंद्र धैवत दाबावा. वरचा एकही सूर बदललेला नाही. तरी सगळ्या स्वरसमूहावर उदासीची छाया पसरल्याचा अनुभव येईल. वरच्या सुरांचा अर्थ काय घ्यावयाचा हे खालचा सूर ठरवितो. बासवादकाच्या हाती असलेली सत्ता ही अशी असते. त्याचे नाव ऐकणाऱ्यांना ठाऊक नसते, पण गाणे हसरे की हुरहुर लावणारे, हे अनेकदा त्याच्या एका सुरावर अवलंबून असते.

दुसरे कार्य लयीचे. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचा घुमारा काढून घेतला तर ठेका पोकळ वाटतो. पाश्चात्त्य ढोलसंचात पायाने वाजविण्याचा मोठा ढोल असतो. त्याचा ठोका आणि बासचा सूर एकाच क्षणी पडले की दोहोंचे मिळून जणू एकच वाद्य होते. अशा प्रकारे बास हे ताल आणि स्वर यांना जोडणारे वाद्य आहे. ज्या मुलाला ते मनापासून आवडते, त्याच्या कानाने गाण्याचा पाया ऐकलेला असतो. इतर मुले वरची चाल गुणगुणतात तेव्हा हा खालची ओळ गुणगुणत असतो. अशा मुलाला, आधी साधी गिटार शीक, मग पाहू, असे सांगणे म्हणजे तबला मागणाऱ्याला सनई देण्यासारखे आहे. गिटार येत असली तर उपयोग होतो, परंतु ती पूर्वअट मात्र नाही.

आता खरेदीविषयी. बास गिटारची दोन मुख्य मापे आहेत. घोडीपासून खुंट्यांच्या बाजूच्या पट्टीपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी प्रचलित मापात ३४ इंच असते, तर आखूड मापात सुमारे ३० इंच. चार इंचांचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण मोठ्या मापात पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे ४८ मिलिमीटर भरते आणि आखूड मापात सुमारे ४३. लहान पंजाच्या मुलाला बोटागणिक ही पाच मिलिमीटरची सवलत मोठा दिलासा देते. आखूड वाद्य म्हणजे मुलांचे खेळणे, हा समज निराधार आहे. बीटल्स या विख्यात संगीतसमूहाचे पॉल मकार्टनी यांनी १९६१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात व्हायोलिनच्या आकाराचा जो बास घेतला, तो आखूड मापाचा आणि वजनाला हलका होता. त्याच प्रकारच्या वाद्याने पुढे त्यांची जगभर ओळख झाली. मकार्टनी डावखुरे आहेत, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. डावखुऱ्या मुलांसाठी उलट्या रचनेची वाद्ये मिळतात. दुकानात निवड कमी असते एवढेच.

मोठ्या मापाच्या वाद्याचे वजन चार किलोच्या आसपास असते. ते अरुंद पट्ट्याने खांद्यावर टांगले तर अर्ध्या तासात मान भरून येते. म्हणून रुंद पट्टा घ्यावा, आणि बसून वाजविताना वाद्य ज्या उंचीवर राहते त्याच उंचीवर उभ्याने वाजवितानाही राहील, इतकी त्याची लांबी ठेवावी. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बास छायाचित्रात ऐटदार दिसतो. पण त्यामुळे डावे मनगट वाकते आणि पुढे दुखू लागते. मुलाला दुकानात बरोबर न्यावे. वाद्य त्याच्या मांडीवर देऊन पहिल्या पडद्यावर त्याची बोटे पोहोचतात का, हे पाहावे आणि मगच रंगाचा विचार करावा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, नवे वाद्य दुकानातून आणले म्हणजे ते वाजविण्यास सिद्ध झाले असे होत नाही. मिरजेच्या कारागिराने जवारी लावल्यावाचून तंबोरा बोलत नाही, हे मराठी श्रोत्यास सांगावयास नको. बास गिटारलाही तसाच संस्कार लागतो. दांडीच्या आत एक लोखंडी कांब असते. ती पिळून दांडीचा बाक दुरुस्त करता येतो. घोडीवरील स्क्रू फिरवून तारांची उंची कमी-अधिक करता येते. बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून दोन-अडीच मिलिमीटर उंच असेल तर ती सुखाने दाबली जाते. तीच चार-पाच मिलिमीटर असेल तर तरबेज वादकाचीही बोटे शिणतात. स्वस्त वाद्यही जाणकाराकडून अशा रीतीने लावून घेतले तर उत्तम चालते, आणि महाग वाद्य तसे न केल्यास छळ मांडते. दांडी लाकडी असल्याने हवामानाचा तिच्यावर परिणाम होतो. कोकणातील पावसाळ्यात आणि दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात तिचा बाक सारखा राहत नाही. म्हणून ऋतू पालटल्यावर एकदा तपासणी करावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, म्हणजे घामाने त्यांना गंज चढत नाही.

ध्वनिवर्धक नसेल तर विद्युत बासचा आवाज एखाद्या डासाच्या गुणगुणीइतकाच येतो. तो ऐकू यावा म्हणून मूल तारा ओरबाडू लागते आणि हाताला वाईट वळण लागते. यास्तव वाद्याबरोबर ऐकण्याची सोय केलीच पाहिजे. साध्या गिटारचा छोटा ध्वनिवर्धक घरात पडून असला तरी तो मोठ्या आवाजात बासला जोडू नये. खालच्या सुरांची मोठी कंपने त्याच्या कर्ण्याला झेपत नाहीत आणि तो फाटू शकतो. बाससाठी बनविलेला लहान ध्वनिवर्धक घ्यावा, आणि त्याला हेडफोन लावण्याची जागा आहे ना, हे पाहावे. ४१ कंपनांच्या सुराची लहर हवेत आठ मीटरहून लांब असते. असे खालचे सूर भिंतींना फारसे जुमानत नाहीत. शेजाऱ्याला चाल ऐकू येत नाही, पण त्याच्या खिडकीची तावदाने थरथरतात. सदनिकेत राहणाऱ्यांचे शेजारधर्माचे प्रश्न हेडफोनमुळे पुष्कळसे सुटतात. मात्र हेडफोनचा आवाज मर्यादेत ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल पातळीचे ऐकणे आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित मानले आहे. आवाज चढत गेला की ही मुदत झपाट्याने घटते. कानात शिटीसारखा नाद घुमू लागला तर तो धोक्याचा इशारा समजावा.

पहिल्या महिन्यात मुलाने काय करावे? सर्वप्रथम वाद्य सुरात लावण्यास शिकावे. खुंट्यांपाशी चिमट्यासारखे बसणारे लहानसे यंत्र अथवा मोबाइलमधील एखादी सोय यासाठी पुरते. परंतु यंत्राचा काटा पाहण्यापूर्वी कानाने अंदाज घ्यावा, म्हणजे कान तयार होतो. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर असावा. तार दाबावयाची ती पडद्याच्या माथ्यावर नव्हे, त्याच्या किंचित मागे. तेथे सर्वांत कमी जोर लागतो. जोर किती लावावा हे ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. सूर वाजवीत वाजवीत बोटाचा दाब कमी करीत जावे. तार खरखरू लागली की त्याहून थोडा अधिक दाब द्यावा. तेवढाच पुरेसा असतो. खालच्या पडद्यांवर अंतरे मोठी असल्याने चार पडद्यांवर चार बोटे ताणण्याचा अट्टाहास करू नये. उभा बास वाजविणारे तेथे तर्जनी आणि मधले बोट स्वतंत्र वापरतात, आणि अनामिका व करंगळी एकमेकींच्या आधाराने एकत्र ठेवतात. ही रीत नवशिक्याला फार उपयोगी पडते. बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात. ते स्वाभाविक असून पुढे त्वचा टणक होते. मात्र मनगट दुखणे, बोटांना मुंग्या येणे अथवा बधिरपणा येणे ही लक्षणे स्वाभाविक नव्हेत. अशा वेळी वादन थांबवावे, बैठक तपासावी आणि लक्षणे टिकून राहिली तर वैद्यांचा सल्ला घ्यावा.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवून तार छेडण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे. नखी वापरावी की बोटे, यावर तरुण मंडळी तावातावाने वाद घालतात. त्याचे उत्तर दोन थोर वादकांच्या उदाहरणांत मिळते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे जेम्स जेमर्सन यांनी मोटाऊन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या असंख्य गीतांना बासची साथ दिली. शाळकरी वयात उभ्या बासवर तयार झालेला त्यांचा हात विद्युत बासवर आला, आणि ते जवळजवळ सर्व काम उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने करीत. कॅरल के या मूळच्या गिटारवादक. १९६३ साली हॉलिवूडमधील एका ध्वनिमुद्रणास बासवादक आला नाही, म्हणून त्यांनी बास हाती घेतला आणि पुढे त्या क्षेत्रात अग्रगण्य ठरल्या; त्या नखीने वाजवीत. एकाची एक तर्जनी, दुसरीची नखी, आणि दोघांचेही काम अजोड. समान होते ते सुराचे भरीवपण आणि लयीची अचूकता.

ही अचूकता कमविण्याचा पहिला धडा अत्यंत साधा आहे. मेट्रोनोम मिनिटाला ६० मात्रांवर ठेवावा. पहिल्या मात्रेला एक सूर छेडावा, तिसरी मात्रा संपेपर्यंत तो तेवत ठेवावा आणि बरोबर चौथ्या मात्रेला हात टेकवून तो बंद करावा. सूर केव्हा सुरू करावयाचा हे सर्वांना कळते. तो केव्हा संपवावयाचा हे बासवादकाला कळावे लागते. छेडलेली तार बोलत असताना उरलेल्या तीन तारा मुक्या ठेवणे, हीही त्याच विद्येची दुसरी बाजू. हे साधले की पुढचा धडा तीन सुरांचा. सर्वांत जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर पेटीतील पांढरी सहा मिळते. तिला षड्ज मानावे. शेजारच्या तारेच्या सातव्या पडद्यावर तिचा पंचम आणि त्यापुढील तारेच्याही सातव्याच पडद्यावर वरचा षड्ज सापडतो. षड्जाच्या शेजारच्या तारेवर, त्याच पाचव्या पडद्यावर, मध्यम असतो. ही आकृती दांडीवर पुढे-मागे कोठेही सरकविली तरी सुरांचे नाते बदलत नाही. एवढ्या भांडवलावर असंख्य गाण्यांना साथ करता येते. मग मुलाच्या आवडीचे एखादे संथ गाणे घ्यावे आणि त्याची बासची ओळ पहिल्यापासून अखेरपर्यंत, गती निम्मी करून का होईना, पूर्ण वाजवावी. दहा गाण्यांचे आकर्षक तुकडे येण्यापेक्षा एक गाणे न अडखळता शेवटास नेता येणे, हे बासवादकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

रोज वीस मिनिटे वाजविणाऱ्याचा हात रविवारी एकदाच तीन तास बसणाऱ्यापेक्षा लवकर तयार होतो. यासाठी वाद्य पिशवीत बंद न ठेवता एका मजबूत स्टँडवर, उन्हापासून दूर, हाताशी ठेवावे. अभ्यासातून उठताच ते दिसले म्हणजे दहा मिनिटे सहज वाजविले जाते. दहावी-बारावीच्या वर्षी वाद्य कुलपात टाकण्याचा मोह अनेक पालकांना होतो. त्याऐवजी वेळ ठरवून द्यावी आणि ती दोन्ही बाजूंनी पाळावी. शिक्षक मिळाला तर उत्तमच. आंतरजालावरील चित्रफितींतून पुष्कळ शिकता येते. पण वाकलेले मनगट आणि धावणारी लय चित्रफितीला दिसत नाही, ती समोर बसलेल्या माणसालाच दिसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तरी जाणकाराची नजर असावी. ज्यांना क्रमवार अभ्यासक्रम हवा असेल त्यांच्यासाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या संस्थांच्या परीक्षांत बास गिटार हा विषय आहे. तथापि परीक्षा हे साधन आहे, एवढे भान राखावे.

यानंतर राहते ते चौथे आणि सर्वांत नाजूक कारण. घरी पाहुणे येतात. मुलगी बास शिकत असल्याचे कौतुकाने सांगितले जाते आणि मावशी अथवा काका प्रेमाने म्हणतात, "अगं, एखादे गाणे वाजवून दाखव ना!" मुलगी आतून वाद्य आणते आणि तीन महिन्यांच्या मेहनतीने बसविलेली ओळ वाजविते. पाहुण्यांना चार-पाच घुमणारे सूर ऐकू येतात. चाल कोठेच दिसत नाही. ते परस्परांकडे पाहतात, "छान हं" म्हणतात आणि चहाकडे वळतात. मुलीच्या मनात मात्र आपल्याला काही येत नाही, ही समजूत घर करून बसते. वस्तुतः तिने आपले काम चोख केलेले असते. डग्ग्यावर एकट्याने भजन वाजविण्याची मागणी कोणी करीत नाही. बासच्या बाबतीत ती अजाणता केली जाते.

यावर उपाय पाहुण्यांच्याच गळ्यात आहे. त्यांनी, किंवा घरातील कोणीही, गावे. मुलीला फक्त सूर सांगावा. गाणारी व्यक्ती पांढरी पाचमध्ये गात असेल तर षड्ज जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आहे. केरव्याच्या आठ मात्रांत समेवर षड्ज आणि पाचव्या मात्रेवर पंचम, एवढे केले तरी घरात नित्य म्हटल्या जाणाऱ्या भजनाला अनपेक्षित भारदस्तपणा येतो. मालकंसासारख्या, पंचम वर्ज्य असलेल्या रागातील चीज असेल तर पंचमाच्या जागी मध्यम घ्यावा. तो शेजारच्या तारेवर त्याच पडद्यावर हजर आहे. आजोबांनी टाळ धरावा, आईने गावे, आणि नातीने खालचा सूर द्यावा, एवढ्याने बैठक पूर्ण होते. हिंदी चित्रपटसंगीतातही हे वाद्य परके नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजविलेला बास कितीतरी लोकांनी नकळत ऐकलेला आहे. मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या आणि आज देशोदेशी नावाजलेल्या बासवादक मोहिनी डे यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच होते; ते स्वतः बास वाजवीत. प्रत्येक घरी असा पिता असणार नाही. पण लयीत टाळी देणारा आणि सुरात गुणगुणणारा एखादा माणूस बहुतेक घरांत असतो, आणि प्रारंभी तेवढे पुरते.

घरातील सोबतीनंतर समवयस्कांची सोबत हवी. शाळेत वा वसाहतीत ढोल अथवा तबला वाजविणारा एखादा मित्र शोधून द्यावा. दोघांनी मिळून एकच ठेका दहा मिनिटे न धावता, न रेंगाळता चालविला, तर जे शिक्षण होते ते एकट्याच्या महिन्याभराच्या सरावाने होत नाही. दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपला सूर ठेवणे, गाणाऱ्याची चूक झाली तर न थांबता त्याला सांभाळून घेणे, आपल्याकडे कोणाचे लक्ष नसतानाही काम तितक्याच निष्ठेने करणे, हे गुण या वाद्याच्या अंगभूत शिस्तीतून येतात. पौगंडावस्थेतील मुलाच्या दृष्टीने ही शिकवण मोलाची आहे. कारण त्या वयात प्रत्येकाला आपल्याकडे पाहिले जावे असे वाटत असते, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते याचा अनुभव मात्र फारसा मिळत नाही.

जेम्स जेमर्सन यांच्या वादनाने साठाच्या दशकात अमेरिकेतील घरोघरचे रेडिओ निनादले. तरी मोटाऊनच्या तबकडीवर त्यांचे नाव प्रथम छापले गेले ते १९७१ साली. १९८३ मध्ये ते निवर्तले, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले ते २००० साली. खर्जाच्या सुराला दाद मिळावयास असा उशीर होतो. घरातील नव्या बासवादकाला इतकी वाट पाहावयास लावण्याचे कारण नाही. त्याचे वाद्य नीट लावून घ्यावे, त्याला त्याचा आवाज ऐकू येईल अशी सोय करावी आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटे त्याच्याबरोबर गावे. गाणे संपल्यावर, खालचा सूर आज चांगला लागला होता, एवढे एक वाक्य कोणी बोलले, तर ते वाद्य सहसा कपाटावर चढत नाही.